टिळकवाडीतील स्पोकन इंग्लिशचा एक क्लास : खेळ उत्तम, दुरुस्ती अपुरी

बेळगावात स्पोकन इंग्लिशच्या क्लासेसना तोटा नाही. परंतु बहुतेक ठिकाणी फळ्यावर काळांचा तक्ता आणि सर्वांनी एका सुरात म्हणायची ठरावीक वाक्ये एवढाच कार्यक्रम असतो. टिळकवाडीत संध्याकाळी भरणारा जो क्लास मी नुकताच पूर्ण केला, तो या चाकोरीबाहेरचा असल्याने त्याच्या गुणदोषांविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे. येथे व्याख्यान जवळजवळ नसते. दीड तासातील बहुतांश वेळ जोड्या किंवा चार-पाच जणांचे गट करून खेळण्यात जातो. दोन महिन्यांच्या बॅचचे शुल्क अडीच हजार रुपये आहे. येणाऱ्यांत मराठी आणि कन्नड माध्यमातून शिकलेले, इंग्रजी वाचून समजणारे, पण इंग्रजीत फोन आला की तो शेजाऱ्याच्या हाती देणारे लोक अधिक.

सर्वांत उपयुक्त वाटला तो नकाशाचा खेळ. बाजारपेठेच्या एकाच नकाशाच्या दोन प्रती असतात. एकीत गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडे बाजार अशी नावे असतात पण दुकाने नसतात, दुसरीत दुकाने असतात पण गल्ल्यांची नावे नसतात. दोघांच्या मध्ये वही उभी करून ठेवतात आणि बोटाने काही दाखवायला बंदी असते. माझ्या जोडीला वडगावच्या एक गृहिणी होत्या. ज्या गल्ल्यांतून त्यांनी आयुष्यभर खरेदी केली, त्यांतल्याच एका कोपऱ्यावर वळायचे कसे हे सांगताना त्या अडखळल्या आणि "आता हे कसं सांगायचं वो?" असे त्यांनी मलाच विचारले. मी गप्प राहणे हाच नियम होता. काही क्षणांनी त्यांनी "टर्न लेफ्ट ॲट द कॉर्नर, देन स्टॉप बिफोर द टेम्पल" असे स्पष्ट सांगितले आणि माझ्या नकाशावरचे कापडाचे दुकान जागेवर बसले. वाक्य बरोबर आले म्हणून कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सर्वांचे लक्ष दुकान सापडण्याकडे होते, आणि खेळाचे यश मला त्यातच दिसले.

वीस प्रश्नांत वस्तू ओळखणे, ठरावीक शब्द न वापरता एखादी गोष्ट समजावून सांगणे हे खेळही होतात. ते रंगतात, पण सरावल्यावर तेच ते प्रश्न फिरू लागतात. त्यापेक्षा भूमिका घेऊन बोलण्याचे प्रसंग अधिक कसदार वाटले. उद्यमबागेतील एका फाउंड्रीत काम करणाऱ्या तरुणाला पुण्याच्या ग्राहकाला माल उशिरा निघेल असे फोनवर कळवायचे होते. कास्टिंग, कोअर, ब्लोहोल, रिजेक्शन हे सारे इंग्रजी शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यात होते. अडत होते ते "पाठवणार होतो, पण पाठवता आले नाही" एवढेच. समोरचा 'ग्राहक' मुद्दाम चिडका होता, त्यामुळे त्याला तीच गोष्ट तीन प्रकारे सांगावी लागली आणि तिसऱ्या वेळी ती सुटसुटीत निघाली. पाठ केलेल्या वाक्यांनी हे साधले नसते.

अशा शिकवण्यामागे विचार आहे, आणि तो परदेशातून जसाच्या तसा उचललेला नाही. इंग्रजी अध्यापनाचे भारतीय अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत, मुख्यतः बंगळूर आणि तेव्हाच्या मद्रास येथे, व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून नकाशे, वेळापत्रके अशा सामग्रीवर आधारलेली कामे देऊन इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला होता. मन बोलण्याच्या अर्थामध्ये गुंतले की भाषेची घडण नकळत पक्की होते, ही त्यामागची धारणा. मात्र प्रभूंनी गटकार्याला जाणूनबुजून फारसा वाव दिला नव्हता. विद्यार्थी एकमेकांच्याच चुका ऐकत राहतील आणि त्या घट्ट होतील, अशी त्यांची शंका होती.

ही शंका या क्लासमध्ये खरी ठरताना दिसते. आमच्या गटातील एका बोलघेवड्या गृहस्थांनी "ही डिड नॉट केम" असे एकदा म्हटले आणि खेळ संपेपर्यंत निम्मा गट तसेच म्हणू लागला. वीस-बावीस जणांच्या बॅचला एकच मॅडम असतात. त्या हुशार आणि प्रेमळ आहेत, परंतु पाच गटांत फिरताना कोणाची चूक कानावर पडेल हे दैवावर असते. खेळ थांबवू नये हे मान्य, पण शेवटची दहा मिनिटे ऐकलेल्या चुका फळ्यावर मांडण्यासाठी राखली असती तर बराच फरक पडला असता. ती दहा मिनिटे बहुधा हजेरी आणि पुढच्या बॅचच्या जाहिरातीत गेली.

दुसरी अडचण आपल्या भागाची आहे. मॅडम मराठी भाषकाची जोडी शक्यतो कन्नड भाषकाशी लावतात, म्हणजे इंग्रजीशिवाय गत्यंतर राहू नये. कल्पना चांगली, पण बेळगावात ती पुरती टिकत नाही, कारण येथे एकाला दुसऱ्याची भाषा कामापुरती येतेच आणि नाही आली तर हिंदी असतेच. समोरचा अडखळला की "हेळ्री, हेळ्री" (सांगा, सांगा) म्हणत जोडीदार त्याला कन्नडमध्ये मोकळे करून टाकतो. यावर उपाय म्हणून प्रत्येकाला पाच चिंचोके देतात आणि दुसरी भाषा तोंडातून निघाली की एक काढून घेतात. याचा परिणाम असा झाला की बुजरी मंडळी चिंचोके वाचवण्यासाठी मौनच पाळू लागली आणि सर्वांत कमी बोलणारा जिंकू लागला. इंग्रजीत प्रश्न विचारणाऱ्याला एक चिंचोका वाढवून द्यावा, असे मी सुचवले होते; ते अजून अमलात आलेले नाही.

ज्यांना व्याकरण आणि वाचन बऱ्यापैकी येते पण तोंड उघडत नाही, त्यांनी हा क्लास निःसंकोच लावावा. नोकरीसाठी अर्ज किंवा ईमेल लिहायला शिकायचे असेल, अथवा पाया अगदीच कच्चा असेल, तर येथे पैसे घालवू नयेत. सुमारे २५ किलोमीटरवरच्या खानापुराहून येणाऱ्यांनी परतीच्या बसची वेळ पाहूनच नाव घालावे, कारण क्लास साडेसहाला सुरू होऊन आठला सुटतो, असे सांगितले जात असले तरी खेळ रंगला की साडेआठ सहज होतात. पैसे भरण्यापूर्वी एक दिवस बसून पाहण्याची मुभा मिळते. ती मागून घ्यावी, आणि त्या दिवशी खोलीत किती खुर्च्या मांडल्या आहेत हेही मोजून घ्यावे, कारण आमच्या वेळी दोन बॅच मध्येच एकत्र केल्या गेल्या आणि त्याबद्दल शुल्कात कोणतीही सवलत मिळाली नाही.