सांगलीतली आयएचसी लॅब: रिपोर्ट चोख, बरणी अपुरी

आयएचसी (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे गाठीच्या तुकड्यातली ठरावीक प्रथिनं रंगवून पाहणं) करणाऱ्या लॅबची पारख पी५३ या गाठीला आळा घालणाऱ्या प्रथिनाच्या ओळीवर करावी. नुसतं ‘पी५३ पॉझिटिव्ह’ छापून आलं तर तो रिपोर्ट परत पाठवायच्या लायकीचा. निरोगी पेशीत हे प्रथिन बनतं आणि एमडीएम२ हे दुसरं प्रथिन ते लगेच मोडीत काढतं, त्यामुळे रंग फिकट, कुठे आहे कुठे नाही असा दिसतो. जनुकात बिघाड होऊन प्रथिन साचलं की जवळजवळ प्रत्येक केंद्रक गडद तपकिरी होतं. प्रथिन बनतच नसेल तर गाठ पार कोरी. ही कोरी स्लाइडसुद्धा बिघाडाचीच, पण तिथे ‘निगेटिव्ह’ लिहिलं की वाचणाऱ्याला उगाच हायसं वाटतं. सांगलीतली ही लॅब पॅटर्न शब्दांत लिहिते. शिवाय कोऱ्या गाठीशेजारचे निरोगी लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) फिकट का होईना रंगले आहेत की नाहीत, तेही नोंदवते. तेही कोरे असतील तर दोष गाठीचा नाही, रंगवण्याचा. या ओळीला पूर्ण गुण.

केआय-६७ या मार्करला मात्र गुण कापले. विभाजनाच्या फेऱ्यात असलेल्या पेशीत हे प्रथिन असतं, विसावलेल्या पेशीत नसतं, म्हणून टक्केवारी. रिपोर्टमध्ये ‘१५ ते २० टक्के’ येतं, पण किती केंद्रकं मोजली, सर्वांत दाट जागी की सगळीकडची सरासरी, याचा पत्ता नाही. स्तनाच्या गाठीत ५च्या खाली आणि ३०च्या वर फारसं दुमत होत नाही. घोळ मधल्या आकड्यांतच होतो, आणि नेमकी तिथेच मोजणीची पद्धत कळायला हवी.

लिम्फोमाचं (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचं) पॅनेल चांगलं आहे. सीडी३ (टी पेशींची खूण), सीडी२० (बी पेशींची), टीडीटी (अपक्व पेशींची) यांच्या जोडीला पॅक्स-५ असतं. बी पेशीला घडवणारं आणि बी पेशीच ठेवणारं हे प्रथिन केंद्रकात असतं. सीडी२०वरच नेम धरणाऱ्या रितुक्सिमॅब या औषधानंतर सीडी२० दिसेनासं झालं तरी पॅक्स-५ बहुधा रंगतं. फॉर्मवर ‘आधीचे उपचार’ हा रकाना आहे, तो कोरा सोडू नका.

तोंडाच्या कॅन्सरच्या पॅकेजमध्ये सरसकट पी१६ हा मार्कर घातलाय, तो नको होता. एचपीव्ही विषाणूचं ई७ प्रथिन पेशीच्या विभाजनावरचा आरबी या प्रथिनाचा ब्रेक काढतं आणि पी१६ वाढतं. घशातल्या, टॉन्सिलच्या गाठीत ७० टक्के पेशी ठळक रंगल्या तर त्याला अर्थ आहे. तंबाखू-मिश्रीने गालात झालेल्या गाठीत त्यावरून उपचार बदलत नाहीत. पैसे मात्र पेशंटचे जातात. पॅकेज न घेता मार्कर सुटे मागता येतात, काउंटरवर तसं सांगावं लागतं.

खरी तक्रार नमुना पाठवायच्या बरणीची. तुकड्याच्या किमान दहापट फॉर्मालिन हवं. इथून मिळणाऱ्या बरणीत स्तनाचा नमुना कोंबावा लागतो. फॉर्मालिन आत शिरतं तासाला साधारण मिलिमीटरभर, म्हणजे न चिरलेल्या नमुन्याचा गाभा ते पोचेपर्यंत खराब झालेला असतो आणि हार्मोन रिसेप्टर (हार्मोनचे उपचार लागू पडतील का ते सांगणारी प्रथिनं) खोटे निगेटिव्ह येतात. काढल्यापासून तासाभरात चिरून मोठ्या डब्यात टाका. बफर असलेलं दहा टक्के फॉर्मालिन, ६ ते ७२ तास. घरी बनवायचं तर १०० मिली तीव्र फॉर्मालिन, ९०० मिली पाणी, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट, ६.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. घरी म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या शेजारी, स्वयंपाकघरात नव्हे! नुसतं पाणी घातलेलं फॉर्मालिन हळूहळू आंबट होतं.

दुसरी बाटली लॅब देतच नाही. आपल्याकडे मानेची गाठ म्हटलं की टीबी धरावाच लागतो, आणि फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर (जंतू वाढवून पाहणं) विसरा. गाठीचा छोटा तुकडा आधीच निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा काढा.

जत, आटपाडीकडून पाठवताना कापलेल्या स्लाइड न देता ब्लॉकच (मेणात बसवलेला तुकडा) द्या, एप्रिल-मेमध्ये थर्मोकोलच्या डब्यात. गाडीच्या काचेखाली ठेवलेल्या ब्लॉकचं मेण मऊ पडतं.