बडोद्यात बीएसएल-३ लॅबचं वार्षिक टेस्टिंग करून घेतलं, त्या एजन्सीचा अनुभव

आमची लॅब बीएसएल-३, म्हणजे हवेतून पसरणाऱ्या घातक जंतूंसाठीची बंदिस्त लॅब. तिथे टीबीच्या जंतूंवर काम चालतं आणि मी तिथलं मेंटेनन्स बघतो. दर मे महिन्यात शटडाउन घेऊन फिल्टर, कॅबिनेट, प्रेशर सगळं तपासून घ्यावं लागतं. यंदा एजन्सी बदलली म्हणून लिहितोय, कारण सर्टिफिकेट सगळ्यांचं सारखंच दिसतं, काम कोणी कसं केलं ते त्यावरून कळत नाही.

आधीची एजन्सी, नाव नाही घेत, सकाळी दहाला यायची आणि जेवायच्या आत निघायची. तीन वर्षं सगळं पास. आता आठवलं की पोटात गोळा येतो.

यंदाची टीम चार दिवस होती. पहिल्या दिवशी त्यांनी आत पाऊलच टाकलं नाही, आधी डिकंटॅमिनेशनचा, म्हणजे खोली निर्जंतुक केल्याचा रिपोर्ट दाखवा म्हणाले. आम्ही हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडतो आणि खोलीत जिओबॅसिलसच्या बीजाणूंच्या स्ट्रिप ठेवतो, ते फार चिवट असतात, ते मेले म्हणजे बाकीचेही मेले असं धरतात. सात दिवस इन्क्युबेट करून वाढ नाही, असा कागद हातात पडल्यावरच ते आत गेले.

हेपा फिल्टर, म्हणजे हवेतले बारीक कण गाळणारा फिल्टर, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण फिल्टर कितीही चांगला असू दे, फ्रेमच्या कडेनं गळत असेल तर काय उपयोग? त्यांनी एका बाजूनं पीएओ तेलाचं धुकं सोडलं आणि दुसऱ्या बाजूनं ते धुकं मोजणाऱ्या फोटोमीटरचा प्रोब अगदी सावकाश फिरवला. डाव्या कोपऱ्यात आकडा चढला. गळतीची मर्यादा ०.०१ टक्के, तिथे ०.०४. कडेची फट बुजवणारं गॅस्केट दोन बोटांएवढ्या जागेत दबून चपटं झालेलं, नुसत्या डोळ्यांना दिसतही नव्हतं.

पण मी पाच स्टार देतोय ते तिसऱ्या दिवसासाठी. टीममधला दांडिया बाजारचा मुलगा म्हणाला, "काका, एक्झॉस्ट मुद्दाम बंद करा." खोलीचा दाब कायम बाहेरपेक्षा कमी हवा, म्हणजे हवा आतच ओढली जाते. एक्झॉस्टचा पंखा बंद पडला तर सप्लायचा पंखाही लगेच ट्रिप व्हायला पाहिजे, नाहीतर आत हवा कोंबली जाते आणि फटीतून बाहेर पडते. तो दाराशी स्मोक ट्यूब धरून उकिडवा बसला, मी पॅनलवर. बंद केलं. गेजचा काटा उणे ३० पास्कलवरून शून्यावर आला, शून्याच्याही पलीकडे गेला, आणि इतका वेळ दाराखालून आत जाणारा पांढरा धूर उलटा फिरून आमच्या बुटांवर आला. सप्लाय चालूच! एक पंखा बंद पडला की दुसरा बंद करणाऱ्या इंटरलॉकचा रिले (स्विच) चिकटला होता, कधीपासून देव जाणे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्याकडे लाइट सारखी ये-जा करत होती, लॅब आधीच रिकामी करून बंद ठेवली होती म्हणून निभावलं.

रशियात १९७९ साली स्वेर्दलोव्स्कला लष्कराच्या जैविक अस्त्रांच्या केंद्रातून अँथ्रॅक्सचे जंतू बाहेर पडून किमान ६६ माणसं गेली. तिथे काढलेला फिल्टर परत बसवायचा राहिला आणि रजिस्टरमध्ये नोंद झाली नाही, असं नंतर बाहेर आलं. म्हणून त्या मुलानं प्रत्येक फिल्टरचा नंबर आणि वेळ रजिस्टरमध्ये लिहून माझी सही घेतली, ते मला फार पटलं.

आता तक्रारी. पैसे आधीच्यापेक्षा अडीचपट. गॅस्केट त्यांच्याकडे नव्हतं, यायला नऊ दिवस लागले, तोवर रिसर्चवाले रोज फोन करून विचारत होते. रिपोर्टही बारा दिवस उशिरा. आणि सांडपाण्याच्या लाइनला त्यांनी हातच लावला नाही, आमच्या स्कोपमध्ये नाही म्हणाले. हे मला खटकलं. २००७ मध्ये इंग्लंडात पिरब्राइटला लाळ्या-खुरकुताचा विषाणू बाहेर पडला तेव्हा तपासात बोट जुन्या गळक्या ड्रेनकडेच गेलं होतं. त्यामुळे कोटेशन मागवताना निर्जंतुकीकरणाच्या टाकीपर्यंतची ड्रेन लाइन आणि एक्झॉस्ट बंद करून बघायची टेस्ट, दोन्ही त्यात लिहूनच घ्या.

नवा रिले बसवल्यावर तीच टेस्ट आम्ही लागोपाठ पाच वेळा केली. पाचही वेळा सप्लाय लगेच ट्रिप झाला आणि धूर बाहेर आला नाही. पुढच्या मेचं बुकिंग त्यांनाच दिलंय, ड्रेन लाइनसकट.