फुकटच्या गेमवर आठ महिन्यांत चौदाशे रुपये

ठाण्यात कासारवडवलीच्या घरी बसून पाच विरुद्ध पाच खेळाडूंचा एक मोफत शूटर गेम मी गेले आठ महिने जवळजवळ रोज रात्री खेळत आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढचे बरेचसे या जातीच्या इतर गेमनाही लागू पडते.

एवढ्या खर्चाने बनवलेला गेम फुकट का देतात, याचे उत्तर मला रात्री दीड वाजता मिळाले. त्या वेळीही मॅच मिनिटभरात लागते. दहा माणसे, तीही साधारण एकाच कुवतीची आणि पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) कमी राहील इतक्या जवळच्या सर्व्हरवरची, सतत जमवत राहायची तर पाठीशी प्रचंड गर्दी लागते, आणि किंमत लावली की ती दारातच अडते. आमच्या गटातले ऐरोलीचे दोघे पैसे मोजून आलेच नसते, आणि ते नसते तर मीही आठवड्यात गेम काढून टाकला असता. सोनीने २३ ऑगस्ट २०२४ रोजी ४० डॉलरला विकायला काढलेला 'कॉन्कॉर्ड' हा शूटर गेम खेळाडूंअभावी ६ सप्टेंबरला बंद झाला आणि ग्राहकांचे पैसे परत करावे लागले. उलट २०१९ साली मोफत आलेल्या 'एपेक्स लेजंड्स'ने पहिल्याच आठवड्यात अडीच कोटी खेळाडू जमवले. (अर्थात, फुकट असूनही ओस पडलेले गेम कमी नाहीत.)

कमाई होते ती स्किन आणि बॅटल पासवर (एकदा पैसे भरले की खेळत जाल तशी टप्प्याटप्प्याने बक्षिसे देणारा हंगामी पास). स्किनने बंदुकीचे रूप पालटते, गोळी तेवढीच लागते. एकदा तयार केलेली स्किन मात्र कितीही जणांना विकता येते. पैठणी नेसून रिकाम्या मांडवात कोणी मिरवत नाही. पाहणारे आम्ही फुकटे असतो, म्हणूनच घेणारा घेतो. चौथ्या महिन्यात मीही घेणारा झालो.

तक्रार आहे ती पॉइंट्सच्या पॅकबद्दल. स्किन थेट रुपयांत मिळत नाही, आधी ठरावीक आकाराच्या पॅकमध्ये पॉइंट्स विकत घ्यावे लागतात. हवी ती स्किन घेतल्यावर थोडे पॉइंट्स हमखास उरतात आणि सुट्ट्या पैशांऐवजी वाण्याने हातावर ठेवलेल्या चॉकलेटसारखे पडून राहतात. शिवाय नवे अकाउंट फुकट असल्याने बंदी घातलेला चीटर पुन्हा उगवतो. रँक्ड मॅचसाठी (ज्यांच्या निकालावर खेळाडूची श्रेणी ठरते) मोबाइल क्रमांक मागू लागल्यापासून हे जरा कमी झाले आहे.

ऐरोलीच्या त्या दोघांपैकी एकाने आजवर एक रुपयाही खर्च केलेला नाही. मॅचमध्ये मी मेलो की माझी झगमगीत बंदूक उचलून तोच पुढे खेळतो.