थकलेल्या वीजबिलाचे हप्ते: आमच्या तालुक्याच्या कार्यालयाला पाचापैकी तीन

हॉटेलात जेवलं की लोक तारे देतात, मिक्सर घेतला की तारे देतात. मी आमच्या तालुक्याच्या वीज कार्यालयाला देतेय, थकलेल्या बिलाचे हप्ते पाडून दिले त्याबद्दल. पाचापैकी तीन. त्यातले दोन एकट्या एका बाईंचे, ज्या दोन नंबरच्या खिडकीमागे बसायच्या.

आधी बिल थकलं कसं ते सांगते. आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, रस्त्यावरून पाखाडीने खाली उतरायचं. जांभ्याच्या ब्याण्णव पायऱ्या. मीटर पडवीत. रीडिंग घेणारा पोरगा एजन्सीचा, त्याला मीटरमागे पैसे. वर रस्त्याकडेची दहा घरं होतात तेवढ्या वेळात आमचं एक व्हायचं, तो कशाला उतरेल? नोव्हेंबर ते मे तो उतरलाच नाही. बिलं मात्र येत होती, सरासरीची, दर महिन्याला चौऱ्याहत्तर युनिट. बिल कमी आलं म्हणून कोण तक्रार करतं? मीही केली नाही. तेवढी चूक माझी.

त्याच नोव्हेंबरात सासूबाईंना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी सोडलं ते ऑक्सिजनच्या यंत्रासकट. सिलिंडर नव्हे, विजेवर चालणारं, भाड्याने आणलेलं. पलंगाच्या पायाशी घुरघुरत असायचं आणि मधेच फुस्स करायचं. त्याची इतकी सवय झाली होती, की रात्री लाइट गेली की आवाज बंद झाल्यामुळे मला जाग यायची. साडेतीनशे वॉटचं यंत्र. दिवसाचे बारा तास धरा, चार युनिटच्या वर जातात. महिन्याचे सव्वाशे. हा हिशोब मी नंतर केला. तेव्हा आम्ही फक्त आईंच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा बघत होतो.

एकवीस मेला आई गेल्या. तेराव्याच्या आधीच यंत्रवाला यंत्र घेऊन गेला, त्याला दुसरीकडे द्यायचं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात नवीन पोरगा आला, त्याला बिचाऱ्याला पाखाडी चुकवायची असते हे माहीत नव्हतं. त्याने खरं रीडिंग घेतलं. बिल आलं १९,४३० रुपये.

जून म्हणजे आमच्याकडे काय, ते किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको. आमचे हे मिरकरवाड्याला बोटीवर खलाशी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोट वर ओढून ताडपत्रीखाली. मी काजूच्या कारखान्यात सोलायला जाते, किलोवर मजुरी. वरकड पैसा म्हणजे मे महिन्यातली आमसुलं. त्या वर्षी रातांबे, म्हणजे आमसुलांची फळं, झाडाखालीच कुजले, आईंना सोडून कोण वेचायला जाणार होतं? एप्रिल आणि मेची बिलंही तशीच पडली होती, दोन्ही मिळून चौदाशेची. ती ह्या आकड्यात धरलेली.

पहिल्या खेपेला कार्यालयात गेले तेव्हा चार नंबरला जो माणूस होता त्याने मान वर न करता सांगितलं, “निम्मे आत्ता भरा, उरलेले दोन महिन्यांत.” दोन महिने म्हणजे जून आणि जुलै. समुद्र बंद असतानाचे नेमके तेच. मी “बरं” म्हटलं आणि परत आले. एसटीचे पैसे तेवढे फुकट गेले. ह्या खेपेला शून्य तारे.

आमच्या वाडीत एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांनी बिल हातात घेतलं, उलटं करून मागचं बारीक छापील वाचलं (मागची बाजू वाचणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला) आणि म्हणाले, “अगो, हे सगळे युनिट एका महिन्यात जाळलेस असं धरलंय.” विजेचे दर टप्प्याने चढतात. शंभर युनिटपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. शंभरानंतरचं युनिट पहिल्या शंभरातल्यापेक्षा जवळपास दुपटीने महाग पडतं. आमचे १,०२६ युनिट निघत होते ते सात महिन्यांचे. महिन्याला वाटून टाकले तर चौथा काय, तिसराही टप्पा लागत नव्हता. एका महिन्यात कोंबले म्हणून निम्म्याहून जास्त युनिटना सगळ्यात महाग दर लागला होता.

गुरुजींनी आणखी एक सांगितलं, ते इथे मुद्दाम लिहिते. वीज कायदा २००३, कलम ५६. थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलाच्या रकमेवरच वाद असेल, तर मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम निषेध नोंदवून भरायची, मग वादाचा निकाल लागेपर्यंत तोडता येत नाही. अर्ज त्यांनी लिहून दिला नाही, माझ्याकडून लिहून घेतला. तीनदा. “तुझ्या अक्षरात असूदे, विचारलं तर तुला सांगता येईल.” अर्जात दोनच गोष्टी: युनिट सात महिन्यांवर विभागून बिल दुरुस्त करावं, आणि जे येईल त्याचे हप्ते द्यावेत. दोन प्रती. एकीवर आवक नंबर आणि शिक्का मारून घ्यायचा. दुसरी प्रत नेली नसती तर पुढची सगळी गोष्ट वेगळी झाली असती.

दुसऱ्या खेपेला दोन नंबरची खिडकी. बाई माझ्यापेक्षा लहान असतील. अर्ज पूर्ण वाचला. कॉम्प्युटरवर मागची सात बिलं काढली, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, “सगळीकडे सरासरीच लागलीय. ताई, तुम्ही एकदाही आला नाहीत?” मी काय बोलणार. मग युनिट एवढे का वाढले विचारलं. मी यंत्राचं सांगितलं. त्यांनी विचारलं, “आता कशा आहेत?” मी म्हटलं, गेल्या. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, कीबोर्डवर हात तसाच. मग म्हणाल्या, “दुरुस्तीला साहेबांची सही लागेल. आठवड्याने या.”

आठवड्याने गेले तर बिल १३,५२० झालेलं. एका अर्जाने ५,९१० रुपये कमी झाले. पण माझ्या हिशोबी बाईंचा खरा तारा पुढच्या प्रश्नाला. हप्ते पाडायला बसल्या आणि विचारलं, “पैसे तुमच्या हातात येतात कधी?”

हे आजवर मला कुणीच विचारलं नव्हतं, पतसंस्थेनेसुद्धा. मी सांगितलं: बोटी ऑगस्टात लागतात, नारळी पौर्णिमेनंतर खरा धंदा, पहिली वाटणी हातात येईतो गणपती येतात आणि ते पैसे गणपतीतच जातात. सप्टेंबरपासून देऊ शकते. त्या बाईही कोकणातल्याच असाव्यात, गणपती म्हटल्यावर पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. कागदावर असं मांडलं: ३,५२० आता, जुलैला ५००, ऑगस्टला ५००, मग सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर तीन-तीन हजार. शिवाय दर महिन्याचं चालू बिल वेळेवर, ते चुकलं तर हप्ते रद्द. आणि एक गोष्ट त्यांनी लपवली नाही: “थकलेल्या रकमेवर व्याज लागत राहणार, ते माझ्या हातात नाही.” चालेल. आधीच सांगितलं की माणूस तयार राहतो.

३,५२० मी बचत गटातून उचलले. गटाचं व्याज महिना दोन टक्के, थकबाकीवरचं त्याहून कमी, म्हणजे हिशोबाने तोटाच. पण गटाचं व्याज निदान आपल्याच पेटीत पडतं आणि दिवाळीला वाटून येतं. कुड्या गहाण ठेवायच्या वाचल्या ते वेगळंच.

आता जिथे दोन तारे गेले तो भाग.

हप्त्याचं पत्र कागदावर असतं, कॉम्प्युटरच्या गावीही नसतं. जुलैचं बिल आलं त्यावर सगळी थकबाकी छापलेली, हप्त्याचा उल्लेखही नाही. ऑगस्टचंही तसंच. गणपतीला बारा दिवस राहिले होते, मी माटोळीसाठी (गणपतीवर फळं-पानं टांगायची चौकट) पडवीतलं दांडकं उतरवत होते, तर वायरमन पाखाडीने खाली आला, खांद्यावर शिडी. बाजूच्या वाडीतलाच, लहानपणी आमच्याकडे आमरस ओरपून गेलेला.

“काकी, यादीत नाव हाय ओ.”

“नोटीस कुठे रे?”

“मेसेज आला आसंल.”

मेसेज आला नव्हता, लेखी तर नव्हतीच. मी आत जाऊन आईंच्या औषधांच्या पिशवीतून पत्र आणलं, सगळे कागद आता त्याच पिशवीत असतात. त्याने शिक्का बघितला, जुलै-ऑगस्टच्या पावत्या बघितल्या. मोबाइलवर फोटो काढून साहेबांना पाठवला. रेंज आमच्याकडे फक्त विहिरीच्या काठावर, म्हणून तो शिडी भिंतीला लावून विहिरीपाशी उभा राहिला आणि मी पडवीत. वीस मिनिटं. शेजारणी दोन्ही दारांतून बघत होत्या. साहेबांचा “ठीक आहे” आला तेव्हा तो माझ्यापेक्षा जास्त सुटला. चहा घे म्हटलं तर घेतला नाही, मान खाली घालून शिडी उचलली. त्याला कशाला बोलू? ज्या यादीवर त्याला धाडतात ती यादी आणि दोन नंबरची खिडकी एकाच इमारतीत आहेत. एकाने दुसऱ्याला एक कागद द्यायचा होता.

हप्ता भरणंही सरळ नाही. गावातल्या केंद्रात मुलगा म्हणाला, मशीन पूर्णच रक्कम दाखवतं. तालुक्याला जाऊन काउंटरवर भरलं तर पाचशेच्या हप्त्याला एसटीचे ऐंशी. तिसऱ्या महिन्यात कळलं की रक्कम बदलता येते, त्या मुलाला माहीत नव्हतं. तुम्ही जाल तेव्हा आग्रह धरा, आणि पावतीवर ग्राहक क्रमांक जुळवून बघा.

ह्याच दिवसांत ह्यांच्या मोबाइलवर मेसेज आला: आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ह्या नंबरवर लगेच फोन करा. नंबर साधा दहा आकडी. हे घाबरून फोन लावणार तेवढ्यात मुलीने मोबाइल काढून घेतला. असल्या मेसेजवरून लोकांची खाती साफ झालीत. बिल थकलेलं असलं की माणूस नेमका अशाच मेसेजला फसतो, कारण त्याला ते खरंच वाटतं. शंका आली तर १९१२ ला लावा नाहीतर आपल्या वायरमनला विचारा.

एक कुरबुर आहे, ती कार्यालयावर नाही. वरच्या आळीत मुंबईकरांचं बंद घर आहे, मीटर कधीच कायमचं काढून नेलेलं. त्यांना २०२४ च्या अभय योजनेत सगळं व्याज माफ झालं, तीस टक्के भरा आणि उरलेले सहा बिनव्याजी हप्ते. चांगलंच झालं, घर पुन्हा उघडलं, गणपतीला दिवा लागला. पण आम्ही मीटर चालू ठेवलं, दर महिन्याला खेपा घातल्या, तर व्याज आम्हालाच.

नोव्हेंबरचा शेवटचा हप्ता मी अठ्ठावीस तारखेला भरला. बाईंनी पत्रावर ‘पूर्ण’ लिहून सही केली. मी आमसुलांची पुडी नेली होती, जुन्यातली. घेतली नाही, म्हणाल्या, “इथे नको, उगाच कोणी काही म्हणेल.”

मला वाटलं संपलं. ह्या एप्रिलात वेगळाच कागद आला: वाढीव सुरक्षा अनामत. अनामत सरासरी महिन्याच्या बिलाच्या दुप्पट असते, वर्षातून एकदा पुन्हा मोजतात. मागच्या वर्षी यंत्रामुळे आमची सरासरी फुगली, म्हणून अनामत वाढली. हे पैसे बुडत नाहीत, त्यावर व्याजही बिलात वळतं करतात, मला माहीत आहे. पण यंत्र जाऊन वर्ष होत आलं.

तो कागद घेऊन दोन नंबरला गेले तर तिथे एक तरुण मुलगा. बाईंची बदली झाली म्हणाला, कुठे ते त्याला ठाऊक नव्हतं. मी यंत्राची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. तो मधेच म्हणाला, “अर्ज आणलाय?” मी पिशवीतून काढला. दोन प्रती.

त्याने शिक्का मारला. अजून उत्तर आलेलं नाही, आलं की तारे कमी-जास्त करीन. दरम्यान दर महिन्याच्या एक तारखेला मी मीटरचा फोटो काढते आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या हिशोबाच्या खाली. गेल्या महिन्याचे अडुसष्ट युनिट.