विशेषणांची कार्डं: पुढची बाजू छान, मागचं मराठी सुधारायला हवं

जूनमध्ये शाळा सुरू होताना कणकवलीच्या बाजारातून इंग्रजी विशेषणांच्या कार्डांची पेटी घेतली. 240 रुपये, 48 कार्डं, म्हणजे विरुद्धार्थी शब्दांच्या 24 जोड्या. पुढे चित्र आणि इंग्रजी शब्द, मागे मराठी अर्थ. माझी शाळा देवगड तालुक्यात, दोन शिक्षकी. तिसरी-चौथी एकत्र बसतात, मिळून 14 मुलं. पावसाळाभर रोज वापरून मग लिहितेय.

कार्डं तळहाताएवढी, जाड, अक्षर ठसठशीत. जुलैत आमच्याकडे वह्यांची पानंसुद्धा दमट लागतात, तरी ही वाकली नाहीत. कोपऱ्यांवरचं प्लास्टिक तेवढं सुटायला लागलं, ते चिकटपट्टीनं बसवलं. एका चित्रात एकच वस्तू असल्यामुळे लहान मुलांची नजर भरकटत नाही, हे मला फार आवडलं. उच्चार ऐकण्यासाठी पेटीवर क्यूआर कोड आहे, पण आमच्या वर्गात रेंज येत नाही, त्यामुळे त्याबद्दल काही सांगत नाही.

आता मागची बाजू. 'बिग' म्हणजे मोठा, 'ब्लॅक' म्हणजे काळा, 'न्यू' म्हणजे नवा. सगळीकडे एकच रूप, तेही पुल्लिंगी. चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, मोठा म्हणजे बिग, मग मोठी म्हणजे काय?" मागून लगेच उत्तर आलं, "बिगी!" कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना ते पटलं होतं. का पटू नये? मोठा दगड, मोठी होडी, मोठं झाड, मोठ्या होड्या. नामाचं लिंग-वचन बदललं की विशेषण बदलायचं, हे मूल बोलायला लागल्यापासून करत आलंय. दुसऱ्या दिवशी एका वहीत 'बिग्ज बोट्स' सापडलं. ही मुलांची चूक नाही, त्यांचं मराठी पक्कं असल्याची खूण आहे.

मग मी कार्डं बाजूला ठेवली आणि फळ्यावर लिहिलं: लाल फूल, लाल साडी, लाल डबा, लाल होड्या. 'लाल' कुठे बदलला? कुठेच नाही. गोड, जड, लांब, सुंदर हे शब्दही तसेच. "इंग्रजीत मोठा-मोठी-मोठं असलं काही नसतं, तिथे सगळेच शब्द लालसारखे," एवढं सांगितलं आणि बिगी गेली ती परत आली नाही. पेटी काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: मागे मोठा, मोठी, मोठं अशी तिन्ही रूपं छापा, आणि रेड, स्वीट, हेवी, लाँग ही कार्डं सुरुवातीला ठेवा. मुलांना ओळखीच्या वाटेनं पुढे जाता येईल.

दुसरी उणीव म्हणजे विशेषण एकटंच उभं आहे, सोबत नाम नाही. 'ओल्ड'वर काठी टेकणारे आजोबा आणि त्याच्या जोडीला 'न्यू'वर चकचकीत बूट. मुलांनी तरुण माणसाला 'न्यू मॅन' करून टाकलं. जुन्या होडीची जोडी 'न्यू'शी, म्हाताऱ्या माणसाची 'यंग'शी, हे नामाशिवाय कसं कळणार? 'हॉट'वर चहाचा कप आहे, पण आमटी तिखट झाली तरी इंग्रजीत 'हॉट'च. 'अ' आणि 'ॲन'चंही तसंच. 'अ बोट', पण 'ॲन ओल्ड बोट', कारण लगेच पुढे येणारा आवाज बघायचा असतो. एकट्या शब्दावरून ते शिकवता येत नाही.

चित्रं आमच्याकडची नाहीत, त्यावर तोडगा मुलांनीच काढला. 'स्टिकी'वर मधाची बरणी होती, कुणाला फारसं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी एकानं घरून फणस आणला, आम्ही तो ओट्यावर कापला. बोटं चिकात भरल्यावर तो म्हणाला, "बाई, ह्यो चीक हाताक लागलो काय सुटना नाय, खोबरेल लावूक होया." सगळ्यांनी एकेक बोट लावून बघितलं, मग तेल लावून पुसलं. 'स्टिकी' त्यानंतर कुणाला विचारावं लागलं नाही. 'रफ'ला शाळेच्या भिंतीचा जांभा चिरा, 'स्मूद'ला किनाऱ्यावरचा गोटा. पावसाळी मासेमारीबंदीमुळे जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या आणि जाळी घरी असतात, म्हणून एका पालकांनी जाळ्याचा तुकडा दिला. सुका उचलायचा, 'लाइट'. बादलीत बुडवून उचलायचा, 'हेवी'. तारली, बांगडा, सुरमई ओळीनं काढून 'बिग, बिगर, बिगेस्ट' झालं. मराठीत 'पेक्षा' लावतो आणि मोठा तसाच राहतो, इंग्रजीत शब्दालाच शेपूट लागतं, हेही तिथेच उलगडलं.

एका जोडीबद्दल मात्र मला राग आहे. 'फॅट' आणि 'थिन'वर दोन मुलांची चित्रं आहेत. कार्ड दाखवताक्षणी तीन-चार माना एकाच बाकाकडे वळल्या, आणि त्या बाकावरच्या मुलीनं दप्तर मांडीवर ओढून घेतलं. ती पूर्ण तास बोलली नाही. मुलांच्या हाती द्यायच्या वस्तूत हे चित्र कुणी आणि का घातलं असेल? दोन्ही कार्डं मी त्याच दिवशी काढून टाकली.

पेटी घ्यावी का? दुसरी ते चौथीच्या मुलांसाठी जरूर घ्या, पण सोबत वस्तू आणि पूर्ण वाक्यं तुम्हाला द्यावी लागतील. फक्त कार्डं दाखवून पाठ करून घेणार असाल तर पैसे वाचवा. आमच्या पेटीत आता 23 जोड्या आहेत. चोविसाव्या जागी होडी बांधायच्या दोराचा तुकडा आणि सुतळी ठेवलीय: 'थिक' आणि 'थिन'.