मुलाचा स्वभाव सांगणारी डीएमआयटी टेस्ट: आमचा अनुभव आणि ५ पैकी १ स्टार का दिला ते

माझ्या भाच्याची डीएमआयटी केली नाशिकमधल्या एका सेंटरवर. डीएमआयटी म्हणजे दहा बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धिमत्ता, स्वभाव, शिकायची पद्धत आणि करिअर असं सगळं सांगतात ती टेस्ट. सेंटरचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण हीच टेस्ट गावोगावी वेगवेगळ्या नावांनी चालू आहे आणि मला बोलायचंय ते टेस्टबद्दल. ताईच्या मुलाच्या क्लासमध्ये पालकसभा होती, तिथे यांचा स्टॉल होता, फी साडेचार हजार पण आज बुक केलं तर साडेतीन, म्हणून तिने तिथेच पैसे भरले आणि मग धाकट्याचाही अ‍ॅडव्हान्स देऊन टाकला. मी सोबत गेले होते, टेस्टलाही आणि नंतर काउन्सेलिंगलाही.

आधी जे चांगलं होतं ते सांगते. जागा स्वच्छ, अपॉइंटमेंटची वेळ पाळली, मुलाशी प्रेमाने बोलले. प्रत्येक बोट स्कॅनरवर मधून, डावीकडून, उजवीकडून असं फिरवून घेतात, पंधरा-वीस मिनिटांत काम झालं. रिपोर्ट चाळीसेक पानांचा, रंगीत, स्पायरल बायंडिंग केलेला. त्यात शंख किती चक्र किती, कुठलं बोट मेंदूच्या कुठल्या भागाचं, आठ प्रकारच्या बुद्धिमत्तांचे टक्के, मूल बघून शिकतं की ऐकून की करून, आणि शेवटी करिअरची यादी. शिवाय स्वभावाचा पक्षी. गरुड, मोर, घुबड आणि कबूतर असे चार प्रकार असतात, आमचा मुलगा कबूतर निघाला.

आता जे खटकलं ते. काउन्सेलर मॅडमनी मुलाला समोर बसवूनच सांगितलं की हा शांत आहे, याच्यात लीडरशिप नाही, मित्रांच्या दबावाखाली लगेच येईल, संगतीवर लक्ष ठेवा. ताईने विचारलं की हे बदलेल का, तर म्हणाल्या ठसे जन्मभर बदलत नाहीत ना, तसंच हे, मूळ पिंड आहे हा. मुलगा १३ वर्षांचा, आठवीतला. खाली मान घालून ऐकत होता सगळं.

ठसे बदलत नाहीत हे खरंच आहे. आईच्या पोटात साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात ते तयार होतात आणि तसेच राहतात, म्हणून तर पोलिसांना आणि आधारला चालतात. पण ते बनताना गर्भातल्या बारीकसारीक परिस्थितीचाही परिणाम होतो, त्यामुळे एकसारख्या जुळ्यांचेसुद्धा ठसे वेगळे असतात. ठशांचा अभ्यास हे खरं शास्त्र आहे, हॅरोल्ड कमिन्स यांनी १९२६ मध्ये त्याला डर्माटोग्लिफिक्स हे नाव दिलं, डाऊन सिंड्रोमसारख्या काही आजारांत डॉक्टर तळहाताच्या रेषाही बघतात. पण तिथून उडी मारून अंगठ्यावरच्या चक्रावरून मुलगा पुढारी होईल का हे सांगायला काहीच आधार नाही, इंडियन सायकियाट्रिक सोसायटी या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही या टेस्टला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर म्हटलंय. रिपोर्टमध्ये हॉवर्ड गार्डनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं नाव मोठ्या अक्षरात आहे, त्यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तांची, म्हणजे बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते अशी, मांडणी केली हे बरोबर, पण त्या मांडणीत बोटांच्या ठशांचा कुठेही संबंध नाही. आणि ऐकून शिकणारा की बघून शिकणारा या भागाचंही तेच, २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या एका गटाने सगळं संशोधन तपासलं तेव्हा मुलांना असे शिक्के मारून त्याप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही.

ताईचं म्हणणं होतं की अगं पण रिपोर्ट किती जुळतोय बघ. तर याचंही उत्तर जुनं आहे. बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९४८ मध्ये आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचा म्हणून एक रिपोर्ट दिला, किती जुळतो ते ५ पैकी सांगा म्हणाले, सरासरी ४.२६ आली. सगळ्यांना दिलेला रिपोर्ट एकच होता, वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली. "तुमच्यात अशी क्षमता आहे जी तुम्ही अजून वापरली नाही" हे कुणाला पटणार नाही सांगा. आमच्या रिपोर्टमधली निम्मी वाक्यं मी शेजारच्या मुलीबद्दल म्हणून तिच्या आईला वाचून दाखवली, तिलाही तंतोतंत पटली.

म्हणजे जन्मतः काहीच नसतं असं मी म्हणत नाही. दोन मुलं वाढवलेल्या कुठल्याही आईला माहीत असतं की एक पाळण्यातच शांत असतं आणि दुसरं घर डोक्यावर घेतं. थॉमस आणि चेस या नवरा-बायको डॉक्टरांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये बाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, साधारण ४० टक्के सहज सांभाळता येणारी, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी, आणि उरलेली ३५ टक्के कुठल्याच गटात नीट बसेनात. त्यांचा मुख्य मुद्दा असा की मुलाचा पिंड आणि घरातली माणसं यांचं किती जमतं यावर बरंच अवलंबून असतं. लाजाळू मुलाला वेळ देणारं घर मिळालं तर ते त्याच्या गतीने खुलतं. हे असं काही चाळीस पानांत नव्हतं. घरातलं वातावरण, शाळा, मित्र, मोबाइल, आजी-आजोबा, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही, फक्त बोटं घेतली.

मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो मित्रांच्या दबावाच्या वाक्याचा. त्याला कारण आहे. दिवाळीआधी वर्गात कुणीतरी फळ्यावर सरांचं चित्र काढलं होतं, याला माहीत होतं कोणी काढलं ते, तरी नाव सांगितलं नाही आणि सगळ्या बाकाबरोबर शिक्षा घेतली. मी विचारलं का नाही सांगितलंस, तर म्हणाला तो माझा मित्र आहे, सांगितलं असतं तर सगळे मला गद्दार म्हणाले असते. मॅडमच्या हिशेबाने हा कमकुवतपणा. पण या वयात चूक-बरोबर ठरवायची पद्धतच अशी असते हो. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये लिहिलंय, त्याने लहान मुलांना दोन गोष्टी सांगितल्या, एका मुलाकडून चुकून १५ कप फुटले आणि दुसऱ्याने चोरून जॅम घेताना एक फोडला, जास्त वाईट कोण? लहान मुलं म्हणायची १५ वाला. थोडी मोठी झाली की हेतू बघायला लागतात. पुढे कोहलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दहा ते सोळा वर्षांच्या मुलांना नैतिक पेच घालून त्यांची कारणं तपासली, आणि त्यातली एक पायरी म्हणजे आपल्या माणसांच्या नजरेत चांगलं ठरणं, मित्राशी निष्ठा राखणं. शिक्षा होईल म्हणून घाबरण्याच्या पुढची पायरी आहे ती! आमचं पोरगं शिक्षा घेऊन मित्राच्या बाजूने उभं राहिलं, म्हणजे ते वाढतंय. आता त्याच्याशी बोलायचं ते यावर की मित्र जपताना बाकावरच्या बाकीच्या मुलांवर अन्याय झाला का, मित्राला स्वतःहून कबूल करायला सांगता आलं असतं का. पियाजेचंही हेच म्हणणं, पोरं एकमेकांशी खेळताना भांडतात, नियम बनवतात, मोडतात, त्यातून न्याय म्हणजे काय ते शिकतात.

आणि रिपोर्टनंतर काय झालं ते ऐका. शाळेत गटप्रमुखासाठी नावं द्यायची होती, मागच्या वर्षी याने दिलं होतं. यावेळी दिलं नाही. ताईने विचारलं तर म्हणाला, मी कबूतर आहे ना, माझ्यात लीडरशिप नाहीये. हे ऐकून माझा जीव तुटला.

एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने म्हटलंय की किशोरवयाचं मुख्य काम म्हणजे मी कोण याचा शोध. पुढे जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये या शोधाच्या चार अवस्था मांडल्या, त्यातली एक अशी की मुलाने स्वतः काही धुंडाळलेलंच नसतं, मोठ्यांनी सांगितलं ते धरून बसतं आणि दार बंद. आज नाटकात जायचंय, उद्या फुटबॉल, परवा दोन्ही नको, हे जे घरच्यांना चंचलपणा वाटतं ते त्या शोधाचंच काम आहे, ते होऊ द्यायला हवं. १३ व्या वर्षी रंगीत कागदावर छापून तू असाच म्हणणं म्हणजे नेमकं ते दार लावून घेणं, आणि त्यासाठी आपणच पैसे भरतो.

आता आम्ही घरी काय करतोय तर रिपोर्ट कपाटात ठेवलाय आणि त्याला सरळ सांगितलं की बोटांवरून हे कळत नाही, का कळत नाही तेही समजावलं, जुळ्यांची आणि ३९ विद्यार्थ्यांची गोष्ट त्याला फार आवडली. गल्लीतल्या क्रिकेटच्या टीमचं वेळापत्रक आता तो लावतो, कुणी सांगितलं नव्हतं.

ज्यांना खरंच मार्गदर्शन हवंय त्यांच्यासाठी, नववी ते बारावीच्या मुलांसाठी शालेय शिक्षण विभागाने युनिसेफसोबत २०२० मध्ये महाकरिअर पोर्टल सुरू केलं, त्यावर कोर्स, कॉलेज, स्कॉलरशिपची माहिती आहे. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका आणि ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या जुन्या संस्था आहेत, तिथे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ मुलाशी आणि पालकांशी बोलतात. दुसरीकडे कुठे गेलात तरी टेस्ट घेणाऱ्याची मानसशास्त्रातली डिग्री विचारा, आणि ही टेस्ट किती मुलांवर तपासली, परत केली तर तेच उत्तर येतं का हेही विचारा. आमच्या मॅडमना मी विचारलं तर त्यांनी त्यांच्या तीन दिवसांच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट दाखवलं. आणि शाळा-क्लासवाल्यांना कळकळीची विनंती, पालकसभेत असे स्टॉल लावू देऊ नका, तुमच्या शब्दावर लोक पैसे भरतात.

एक स्टार फक्त वेळ पाळली आणि मुलाशी गोड बोलले म्हणून. धाकट्याची टेस्ट आम्ही रद्द केलीये, अ‍ॅडव्हान्स परत मागितलाय, पावतीवर नॉन-रिफंडेबल लिहिलेलं नाही तरी टाळाटाळ चालू आहे. पैसे मिळाले की नाही ते इथेच खाली टाकेन.