एक टक्का टेस्टोस्टेरॉन जेल : साठीनंतरच्या वापराचे परीक्षण

पाच ग्रॅमच्या पाकिटात मिळणारे एक टक्का टेस्टोस्टेरॉनचे, म्हणजे पुरुषी संप्रेरकाचे, जेल मी गेल्या वर्षापासून वापरतो आहे. ज्यांना हे औषध लिहून दिले गेले आहे, किंवा थकवा येतो म्हणून जे स्वतःहून ते मागायला निघाले आहेत, अशा माझ्या वयाच्या पुरुषांसाठी हे लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो : औषध चांगले आहे, पण त्याचे काम मर्यादित आहे, आणि ज्याच्या रक्तात हे संप्रेरक खरोखर कमी नाही त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉनची पातळी दरवर्षी साधारण एक टक्क्याने उतरते. ती उतरण म्हणजे आजार नव्हे, आणि एखाद्या तपासणी पॅकेजमधला दुपारी घेतलेला एकच आकडा म्हणजे निदानही नव्हे. हे संप्रेरक सकाळी सर्वाधिक असते आणि दिवसभरात घटत जाते, जेवणानंतरही कमी दिसते. म्हणून उपाशीपोटी, सकाळी, निरनिराळ्या दिवशी दोनदा रक्त तपासावे लागते. माझे आकडे २१० आणि १९६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर आले; अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना ३०० ही सीमा मानते. तेवढ्यावर न थांबता माझ्या डॉक्टरांनी एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन ही पिट्युटरीतून स्रवणारी संप्रेरके तपासून घेतली, कारण दोष वृषणात आहे की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत, हे त्यावरून कळते. घोरणे, साखर, वजन आणि चालू असलेली औषधे यांचीही चौकशी झाली. लठ्ठपणाने किंवा मधुमेहाने आकडा उतरला असेल तर वजन घटवल्यावर तो बराचसा सावरतो, आणि तसे असेल तर तोच उपाय आधी करणे शहाणपणाचे.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. आंघोळीनंतर कोरड्या, न खरचटलेल्या कातडीवर, म्हणजे खांदे, दंड किंवा पोट यांवर जेल पसरायचे आणि सुकू द्यायचे. जननेंद्रियांवर ते लावायचे नसते. जेलमध्ये मद्यार्क असल्याने ते लवकर सुकते. पण सुकेपर्यंत ते ज्वालाग्राही असते, आणि आमच्यासारख्या घरांत आंघोळ झाली की उघड्या अंगाने, फार तर उपरणे घेऊन, पूजेला बसण्याची रीत आहे. मी जेल पूर्ण सुकल्यावर सदरा घालतो आणि मगच निरांजन लावतो. पुढचे निदान पाच तास अंग भिजवायचे नाही, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी पुन्हा आंघोळ करणाऱ्यांना वेळेचा हिशेब ठेवावा लागतो.

या औषधाचा सर्वांत गंभीर दोष मात्र वेगळाच आहे, आणि दुकानात त्याविषयी मला कोणी एक शब्दही सांगितला नाही. पाकिटातल्या ५० मिलिग्रॅमपैकी साधारण दहावा हिस्साच रक्तात जातो. उरलेले संप्रेरक कातडीवर राहते आणि अंगाला अंग लागले की दुसऱ्याकडे जाते. लहान मुलांना असा संपर्क वारंवार झाला तर अकाली केस येणे, जननेंद्रिये वाढणे, हाडांचे वय पुढे जाणे असे परिणाम होतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये याबद्दल सर्वांत कडक स्वरूपाची सूचना वेष्टनावर छापायला लावली. आपल्याकडे आजोबा बनियनवर किंवा उघडे बसलेले असतात, नातवंडे खांद्यावर चढतात, पंचा आणि पांघरूण सामाईक असते. त्यामुळे हा धोका आपल्या घरांत अधिकच खरा आहे. जेल लावल्यावर हात साबणाने धुणे, बाह्यांचा सदरा घालणे, आपला पंचा वेगळा ठेवणे, आणि कोणाशी जवळून संपर्क येणार असेल तर ती जागा आधी साबणाने धुणे, एवढे ज्याच्याकडून रोज होणार नाही त्याने जेल घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. अशांसाठी एरंडेल तेलातील टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटचे १००० मिलिग्रॅमचे इंजेक्शन असते. पहिल्यानंतर सहा आठवड्यांनी दुसरे, आणि पुढे दहा ते चौदा आठवड्यांनी एक. ते कमरेखालच्या स्नायूत अगदी सावकाश द्यावे लागते.

गुण काय आला? कामेच्छा परतली, पण तरुणपणीइतकी नव्हे. हिमोग्लोबिन ११.२ वरून १२.६ वर गेले, आणि जिना चढताना लागणारा दम कमी झाला. स्मरणशक्तीत मला काहीही फरक जाणवला नाही. पासष्टीपुढच्या ७९० पुरुषांवर वर्षभर जेल वापरून अमेरिकेत झालेल्या चाचण्यांचे निष्कर्षही याच वळणाचे आहेत : लैंगिक कार्यात माफक सुधारणा, मनःस्थितीत किंचित, हाडांच्या घनतेत आणि रक्तक्षयात स्पष्ट, स्मरणशक्तीत मात्र काही नाही. जाहिराती ज्या उत्साहाचे वचन देतात, तो त्या चाचण्यांत ठळकपणे दिसला नाही.

हृदयाविषयीची भीती मलाही होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रॅव्हर्स या मोठ्या चाचणीत हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण जेल घेणाऱ्यांत ७.० टक्के, तर तुलनेसाठी औषध नसलेले नकली जेल घेणाऱ्यांत ७.३ टक्के होते. हा दिलासा खरा आहे. मात्र त्याच चाचणीत हृदयाचे अनियमित ठोके, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होणे ही प्रकरणे जेल घेणाऱ्यांत अधिक आढळली, आणि हाडे मोडण्याचे प्रमाणही, हाडांची घनता वाढत असूनही, जास्त निघाले. म्हणून सुरुवातीच्या तीन ते सहा महिन्यांत आणि पुढे दरवर्षी हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) व पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) तपासणे मी टाळत नाही. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेले तर रक्त फार दाट झाले असे समजून औषध थांबवतात. प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कर्करोग असलेल्यांना, नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना, झोपेत श्वास अडण्याच्या तीव्र विकारावर उपचार न घेतलेल्यांना आणि ज्यांना अजून मूल हवे आहे त्यांना हे औषध देत नाहीत; बाहेरून संप्रेरक मिळाले की शुक्राणूंची निर्मिती मंदावते.

वेष्टनाबद्दल माझी तक्रार आहे. पाकीट फाडण्याची खाच इतकी बारीक आहे की सांधे आखडलेल्या बोटांना कात्री घ्यावी लागते, आणि माहितीपत्रक केवळ इंग्रजीत, भिंगाशिवाय न वाचता येणाऱ्या अक्षरांत आहे. मुलांना स्पर्श होऊ देऊ नका ही एक ओळ तरी पाकिटावरच, मोठ्या अक्षरांत आणि मराठीत छापावी, अशी विनंती मी उत्पादक कंपनीला लेखी कळवली आहे.